वाढत्या अंगाचं गणित

नुकतंच जन्मलेलं बाळ साधारण ५० सेंटिमीटर लांब असतं. तीन महिन्यांत ते ६१ सेंटिमीटरच्या पुढे जातं, सहा महिन्यांत ६७ च्या, आणि पहिल्या वाढदिवसापर्यंत ७५ ओलांडतं. वजन तर वर्षभरात जवळजवळ तिप्पट होतं. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली प्रसिद्ध केलेल्या वाढीच्या मानकांतले हे मुलग्यांचे मधले आकडे आहेत. मुलींचे त्याहून थोडे कमी. मुलांच्या कपड्यांचा व्यवसाय करू पाहणाऱ्याने कापड, मशीन आणि कर्जाचा अर्ज यांच्याही आधी हे आकडे समोर ठेवावेत. या धंद्यातला नफा, तोटा आणि नासाडी, तिन्हींची मुळं त्यांच्यातच आहेत.

युरोपात लहान मुलांची मापं उंचीवरून ठरतात: ५०, ५६, ६२, ६८, ७४, ८०. दर पायरीला सहा सेंटिमीटर. म्हणजे पहिल्या वर्षातच बाळ पाच मापं पार करतं आणि एक झबलं त्याच्या अंगाला फार तर दोन-तीन महिने येतं. दुसऱ्या वर्षात उंची आणखी बारा-एक सेंटिमीटर वाढते. त्यानंतर वेग मंदावतो आणि तीन-चार वर्षांच्या मुलाला एक माप जवळपास वर्षभर पुरतं.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. ‘मुलांचे कपडे’ या एकाच पाटीखाली दोन निराळे व्यवसाय चालतात. तान्ह्या बाळाचा कपडा झिजण्याआधीच तोकडा होतो. पाच वर्षांच्या मुलाची पँट तोकडी होण्याआधीच गुडघ्यावर विरते. त्यामुळे टिकाऊपणाचा अर्थही वयाप्रमाणे बदलतो. तान्ह्याचा कपडा दुसऱ्या-तिसऱ्या बाळापर्यंत चांगला राहिला पाहिजे: रंग उडू नये, गळा सैल पडू नये, टिचबटणं निघू नयेत, आणि तो मुलगा-मुलगी दोघांनाही चालावा. मोठ्या मुलाच्या पँटला गुडघ्यावर कापडाचा दुहेरी थर, कमरेच्या पट्टीत घट्ट-सैल करता येणारं इलॅस्टिक आणि पायाशी उसवून सोडता येईल एवढी माया हवी. दोन्हीकडे एकच नियम लावणारा उत्पादक एका जागी जास्त खर्च करतो आणि दुसऱ्या जागी गिऱ्हाईक गमावतो.

पर्यावरण सांभाळायचं तर नफा सोडावा लागतो, असा समज आपल्याकडे पक्का आहे. मुलांच्या कपड्यांत तो बव्हंशी चुकीचा ठरतो. इथे पैसा बुडतो तो न विकल्या गेलेल्या मालात, मापात न बसल्याने परत आलेल्या पार्सलांत आणि दोन धुण्यांत बिघडलेल्या कपड्यांत. कापूस, पाणी आणि रंग वाया जातात तेही याच तीन ठिकाणी. म्हणून गळती एकदा बुजवली की दोन्ही हेतू साधतात.

माप: वयावर नको, उंचीवर

आपल्या बाजारात फ्रॉक आणि शर्ट १६, १८, २०, २२ अशा नंबरांनी विकले जातात. हे नंबर ढोबळमानाने कपड्याची इंचातली लांबी सांगतात. घाऊक व्यापारी १६×२०, २२×२६ असे सेट देतात आणि दुकानदाराला सगळी मापं एकत्र उचलावी लागतात. ऑनलाइन विक्रीत मात्र ‘१८ ते २४ महिने’ अशी वयाची भाषा चालते. आई-वडिलांना ती सोपी वाटते, पण ती फसवी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच मानकांप्रमाणे दोन वर्षांच्या निरोगी मुलाची उंची ८१ सेंटिमीटर असू शकते आणि ९३ सुद्धा. एकाच वयात दोन पूर्ण मापांचा फरक! मग वयावरून मागवलेला कपडा परत आला तर नवल नाही. परतीच्या प्रत्येक पार्सलामागे जाण्या-येण्याचा खर्च, पुन्हा इस्त्री, पुन्हा पॅकिंग आणि कित्येकदा डाग पडलेला माल असतो.

राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजे निफ्टने, भारतीय शरीरांच्या मापांचं मोठं सर्वेक्षण हाती घेतलं, पण ते १५ ते ६५ वयोगटाचं आहे. लहानग्यांचा मापतक्ता उत्पादकाला स्वतःच्या मेहनतीने बसवावा लागतो. प्रत्येक मापाचा नमुना वेगवेगळ्या बांध्यांच्या मुलांना, त्यांच्या पालकांसमोर, घालून पाहावा. मूल हात वर करतं तेव्हा झबलं किती वर चढतं, खाली बसलं की कंबर काचते का, डोकं गळ्यातून सहज जातं का, हे पाहावं. बाळाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं. त्यामुळे मोठ्यांच्या टी-शर्टचा कागदी नमुना नुसता लहान करून चालत नाही. म्हणून तर तान्ह्यांच्या कपड्यात खांद्यावर एकावर एक येणारा गळा करतात. असा गळा मोठा उघडतो, आणि लंगोट गळून कपडा खराब झालाच तर तो डोक्यावरून न काढता पायाकडून उतरवता येतो.

कपड्यावर वय छापायचं तर छापावं, पण त्याच्या शेजारी उंची आणि वजन ठळक असावं. एवढ्या साध्या बदलाने परत येणारा माल कमी होतो.

कापड धुतल्यावर कसं वागतं

मुलांचे कपडे बहुधा दोन जातींच्या कापडांचे असतात. एक विणीचं होजिअरी कापड: सिंगल जर्सी, इंटरलॉक, रिब. ते किलोवर विकलं जातं आणि त्याची मोठी पेठ तमिळनाडूतलं तिरुप्पूर. दुसरं यंत्रमागाचं कापड: पॉपलीन, कॅम्ब्रिक, मलमल. ते मीटरवर मिळतं आणि त्यासाठी महाराष्ट्राला दूर जावं लागत नाही, कारण इचलकरंजीच्या मागांवर सुती कापड पिढ्यान्‌पिढ्या तयार होत आलं आहे. उन्हाळ्यासाठी दर चौरस मीटरला १४० ते १६० ग्रॅम वजनाची जर्सी ठीक. थंडीसाठी १८० च्या पुढचं इंटरलॉक.

कापड घेताना हाताला मऊ लागतं का हे सगळेच पाहतात. त्याहून मोलाची परीक्षा धुण्याची. कापडावर ५० सेंटिमीटर बाजूचा चौकोन पक्क्या शाईने आखावा, घरी धुतो तसं तीन-चार वेळा धुऊन वाळवावं आणि पुन्हा मोजावं. अडीच सेंटिमीटर कमी भरले तर पाच टक्के आटलं. मोठ्यांच्या कपड्यात हा आकडा एक वेळ खपून जातो. मुलांच्या मापांत पायरीच सहा सेंटिमीटरची असल्याने ६२ उंचीच्या बाळासाठीच्या कपड्यातली निम्मी पायरी एवढ्या आटण्यात जाते. दोन महिने चालायचं झबलं मग महिनाभरात कपाटात जातं, आणि आई पुन्हा त्या दुकानाची पायरी चढत नाही.

सेंद्रिय कापसाची चौकशी आता पुष्कळ पालक करतात. त्यासाठी जगभर मानलं जाणारं मानक म्हणजे जीओटीएस. त्याच्या लेबलासाठी कपड्यात किमान ७० टक्के सेंद्रिय तंतू लागतात, आणि नुसतं ‘सेंद्रिय’ म्हणायचं तर किमान ९५ टक्के. नवे उद्योजक इथे एक गोष्ट हमखास विसरतात. कापड प्रमाणित असलं तरी शिलाईचं युनिट प्रमाणित नसेल, तर तयार कपड्यावर ते चिन्ह लावता येत नाही. लहान उद्योगाने प्रमाणित युनिटकडून शिलाई करून घ्यावी किंवा चिन्हाचा मोह सोडावा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२४ मध्ये पर्यावरणविषयक दिशाभूल करणाऱ्या दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं आणली आहेत. पुरावा नसताना कपड्याला ‘पर्यावरणपूरक’ म्हणणं आता अंगाशी येऊ शकतं.

वर्ध्याचं मगन संग्रहालय १९३८ पासून उभं आहे आणि तिथे सेंद्रिय कापसाची खादी व नैसर्गिक रंग यांवर काम चालतं. विदर्भातला कापूस, तिथलं सूत, तिथलीच शिलाई असा छोटा ब्रँड मराठी मुलखात उभा राहू शकतो, याबद्दल मला शंका नाही. फक्त नैसर्गिक रंग म्हणजे आपोआप निर्धोक, असं मानू नये. रंग पक्का करायला तुरटी वापरली की दुसऱ्या एखाद्या धातूचा क्षार, हे रंगाऱ्याला विचारावं आणि रंग किती धुण्यांपर्यंत टिकतो ते गिऱ्हाइकाला आधीच सांगावं.

तोंडात जाणारा कपडा

बाळ कपडा घालतं आणि चोखतंही. त्याची त्वचा पातळ, आणि वजनाच्या मानाने अंगाचं क्षेत्रफळ मोठं. त्यामुळे ओको-टेक्स या प्रसिद्ध चाचणीत तीन वर्षांपर्यंतच्या मुलांचा वर्ग वेगळा आणि सर्वांत कडक ठेवला आहे. त्यात घामाबरोबर लाळेनेही रंग सुटता कामा नये. काही अझो रंगांपासून कर्करोगाला कारण ठरू शकणारी द्रव्यं सुटतात, म्हणून भारताने १९९७ साली अशा रंगांवर बंदी घातली. तरीही लॉटमधलं स्वस्त कापड घेताना ते कुठे रंगलं हे कुणाला सांगता येत नाही. मोठ्या कारखान्यांचं उरलेलं कापड वापरणं चांगलंच, कारण मुलांचे छोटे तुकडे त्यातून नेमके निघतात. पण तान्ह्यांसाठी ते चाचणी करूनच वापरावं.

शिलाईतले नियम सोपे आहेत, पण ते दररोज पाळावे लागतात. टोपीला किंवा गळ्याला नाडी नको. अशा नाड्या घसरगुंडीत, पाळण्यात, वाहनाच्या दारात अडकून मुलं दगावली, म्हणून अमेरिकेने १९९० च्या दशकात त्याबाबत मानक आणलं आणि युरोपातही वेगळं मानक आहे. तीन वर्षांखालच्या मुलांच्या कपड्यावर मणी, टिकल्या, सैल बटणं नकोत. भरतकामाची उलटी बाजू मऊ अस्तराने झाकावी. मानेला टोचणारं लेबल शिवण्याऐवजी आत छापावं. मशीनची सुई तुटली तर तिचे सगळे तुकडे सापडेपर्यंत त्या मशीनवरचा माल बाजूला ठेवावा, आणि त्याची नोंद वहीत करावी. चांगल्या कारखान्यांत ही वही असतेच. चार मशीनच्या युनिटमध्येही ती असावी, कारण बाळाच्या कपड्यात राहिलेल्या सुईच्या टोकाची भरपाई पैशाने होत नाही.

नफा कुठे जातो

एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत. एका फ्रॉकला कापड, शिलाई, बटणं, पॅकिंग धरून २०० रुपये लागले आणि तो आपण ४०० ला विकतो. ३०० फ्रॉक शिवले, सगळे विकले, तर हाती ६०,००० रुपये उरतात. आता ९० फ्रॉक पडून राहिले असं धरू. विक्री झाली २१० ची, म्हणजे ८४,००० रुपये. खर्च मात्र ६०,००० चा झालेलाच आहे. उरले २४,०००. भाडं, वीज, पगाराचे २५,००० वजा केले की धंदा तोट्यात.

याउलट १८० च फ्रॉक शिवले. लहान लॉटमुळे नगाचा खर्च १५ रुपयांनी वाढून २१५ झाला, पण सगळे गेले. हाती उरले ३३,३०० रुपये. पैसे गुंतले फक्त ३८,७००. कमी शिवून जास्त मिळालं आणि १२० फ्रॉकांचं कापड, रंग, पाणी, वीज वाचली, ती वेगळीच.

मुलांच्या कपड्यात ही चूक सहज होते, कारण मापं फार असतात. १० डिझाइन, प्रत्येकी ३ रंग, ७ मापं: झाले २१० प्रकार. प्रत्येकाचे पाचच नग ठेवले तरी हजारावर कपडे. नवख्या उद्योजकाने तीन-चार डिझाइन आणि दोन रंगांपलीकडे जाऊ नये. एकाच कापडातून झबलं, टोपडं, पँट निघावी, म्हणजे कापड उरलं तरी अडकत नाही. वेगवेगळी मापं एकाच मार्करमध्ये, म्हणजे कापणीच्या आराखड्यात, मांडली की मोठ्या तुकड्यांच्या मधल्या जागेत लहान तुकडे बसतात आणि कतरण घटते.

आणखी एक हिशेब नजरेतून सुटतो. छोट्या कपड्याला कापड कमी लागतं, शिलाई मात्र तेवढीच. उलट लहान बाही, लहान गळा वळवायला कारागिराला जास्त वेळ लागतो. त्यामुळे नगावर मजुरी ठरवताना ‘एवढंसं तर झबलं आहे’ असं म्हणून दर पाडणं अन्यायाचं आहे. शिवणाऱ्या बाईला दिवसाकाठी किती सुटतात हे पाहून दर ठरावा. बचत गटाकडून काम करून घेणाऱ्यांनी तर याचा आधी विचार करावा. तिचं पोट भरत नसेल, तर तो कपडा कोणत्याही कापसाचा असला तरी टिकाऊ म्हणवून घ्यायच्या लायकीचा नाही.

विकत घेणारा कोण?

मराठी घरांत बाळ जन्मण्याआधी खरेदी करायची नाही, अशी रीत अजून पुष्कळ ठिकाणी पाळतात. सगळी घाई नंतर, बारशाच्या सुमारास. तेव्हा आत्या, मावशी, आजी कपडे आणतात. म्हणजे तान्ह्यांच्या कपड्यांचा मोठा वाटा भेटीतून विकला जातो आणि घेणाऱ्याला बाळाचं नेमकं माप ठाऊक नसतं. सगळे सर्वांत लहान आकाराचे गोंडस कपडे देतात, बाळ महिन्याभरात त्यांतून बाहेर पडतं आणि निम्मे कपडे घडी न मोडता राहतात. जाणत्या विक्रेत्याने भेट म्हणून सहा ते नऊ महिन्यांचं माप सुचवावं, किंवा एकच झबलं लागोपाठच्या तीन मापांत असा संच विकावा. आत्याला समाधान, आईला उपयोग, आणि आपला माल बाळाच्या अंगावर सहा महिने दिसतो. दुसरं गिऱ्हाईक त्यातूनच येतं.

जुन्या कपड्याची किंमत

१९८३ साली अमेरिकेतल्या पोर्टलँड शहरात गुन डेनहार्ट या मूळच्या स्वीडिश बाईंनी पतीबरोबर मुलांच्या सुती कपड्यांचा व्यवसाय सुरू केला आणि त्याला आपल्या आजीचं नाव दिलं: हॅना अँडरसन. विक्री टपालाने चाले. कापडाचा पोत छापील चित्रात कळत नाही, म्हणून त्यांनी सुरुवातीच्या कॅटलॉगांत कापडाचे इंचभराचे तुकडे हाताने चिकटवून पाठवले. त्यांचे कपडे महाग होते. मग त्यांनी एक योजना आणली: मुलाला लहान झालेला पण सुस्थितीतला कपडा परत पाठवा, त्याच्या किमतीच्या २० टक्के रक्कम पुढच्या खरेदीत वळती करून घ्या. आलेले कपडे गरजू कुटुंबांना दिले जात. या योजनेने जाहिरातीवाचून एक गोष्ट सिद्ध केली: आमचा कपडा एका मुलाने वापरल्यावरही देण्याजोगा राहतो. महाग कपडा घेण्याचं कारण गिऱ्हाइकाला मिळालं आणि ते पुढचं माप घ्यायला त्याच दारात आलं.

स्वीडनमधल्या पोलार्न ओ. पिरेत या कंपनीने १९७६ मध्ये गुनिला आक्सेन या डिझायनरचे पट्ट्यापट्ट्यांचे कपडे आणले, मुलगा-मुलगी दोघांना चालतील असे. ते पट्टे ती कंपनी आजही विकते. न बदलणाऱ्या नमुन्याचा फायदा उघड आहे: या वर्षी उरलेला नग पुढच्या वर्षी जुना ठरत नाही. लंडनच्या रायन यासिन या तरुण अभियंत्याने तर वाढीचाच प्रश्न धरला. त्याच्या कपड्यांना बारीक चुण्या आहेत, त्या मुलाबरोबर उलगडतात आणि एकच कपडा साधारण सात मापांपर्यंत चालतो. २०१७ साली त्याला ब्रिटनचा जेम्स डायसन पुरस्कार मिळाला.

आपल्याला हे परकं वाटू नये. थोरल्याचे कपडे धाकट्याला, मग मावसभावाला, हा आपल्या घरांतला नेम होता. आजीच्या जुन्या मऊ लुगड्याची दुपटी शिवली जात. जुने कपडे घेऊन भांडी देणारी बोहारीण दारावर येई. वापरलेल्या कपड्यालाही मोल असतं, हे तिच्या धंद्याचं भांडवल होतं. आजचा छोटा उत्पादक हेच काम आपल्या गिऱ्हाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर करू शकतो: परत आणलेला कपडा तपासून, धुऊन, निम्म्या किमतीत पुन्हा विकणं. त्यातून नफा थोडा मिळेल, पण आपल्या कपड्याचं कुठलं बटण आधी तुटतं, कुठली शिवण उसवते, याची माहिती फुकट मिळते. पुढचा लॉट सुधारायला याहून चांगली शाळा नाही.

पैशाची शिस्त

कापडवाला रोखीने मागतो, दुकानदार उधारीवर घेतो. या दोहोंच्या मध्ये कितीतरी चांगले उद्योग गुदमरले. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उत्पादकाला २००६ च्या कायद्याप्रमाणे जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळण्याचा हक्क आहे. २०२३–२४ या आर्थिक वर्षापासून प्राप्तिकरातही तशी तरतूद आली: मुदतीत पैसे दिले नाहीत, तर देणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी वजा करून मिळत नाही. बिलावर उद्यम क्रमांक छापावा आणि मुदत लेखी ठरवावी. जीएसटीचे दर २२ सप्टेंबर २०२५ पासून बदलले असून २,५०० रुपयांपर्यंतच्या कपड्याला ५ टक्के आणि त्यावरच्या किमतीला १८ टक्के लागतो. मुलांचा रोजचा कपडा सहसा या मर्यादेच्या आतच असतो. लग्नकार्यातल्या भारी पोशाखाची किंमत ठरवताना मात्र ही रेषा ध्यानात हवी.

सुरुवात करणाऱ्याने एक वयोगट धरावा, एक कापड नीट ओळखावं, थोडी डिझाइन सगळ्या मापांत द्यावीत, आणि विक्रीची नोंद मापवार ठेवावी. पहिल्या सहा महिन्यांत कुठलं माप संपतं आणि कुठलं पडून राहतं, हे त्या वहीतून कळेल. दुसरा लॉट त्याच नोंदीवर शिवावा. किंमत इतकी असावी की कारागिराला रास्त मजुरी देऊनही पुढच्या कापडाचे पैसे हाती उरतील. स्वस्ताईच्या शर्यतीत उतरू नये, कारण तिथे मोठ्या कारखान्याशी गाठ आहे आणि ती शर्यत लहान माणूस जिंकत नाही. लहान उत्पादकाची ताकद वेगळी आहे. तो आपल्या गिऱ्हाइकाच्या मुलाला ओळखतो, बटण तुटलं तर लावून देतो, पुढच्या मापाची आठवण करतो. दोन-तीन मुलांच्या अंगावर टिकेल असा कपडा तो शिवू लागला, तर गिऱ्हाईक त्याला सोडत नाही, आणि त्याचा धंदाही तेवढाच टिकतो.